निकाल आमच्या बाजूने, कुलूप शाळांना

मी, ऑर्डेला टन्स्टॉल, कै. लिनवूड टन्स्टॉल यांची विधवा, वय बासष्ट, धंदा शिवणकाम, राहणार हॉलोवे परगणा, व्हर्जिनिया, हे राजीखुशीने लिहून ठेवते. डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे, कारण माझ्या दिरांना शंका फार.

१. राहते घर व मागची जमीन मुलगी व्हर्लीन हिला. काळ्या मुलांना गोऱ्यांच्याच शाळेत घ्या, या दाव्यावर मी सही केली तेव्हा ती पाळण्यात होती. सर्वोच्च न्यायालयाने निकाल आमच्या बाजूने दिला. चर्चमध्ये आम्ही रडलो, नाचलो. परगण्यातल्या शहाण्यांनी पाच वर्षे टाळाटाळ केली आणि शेवटी सगळ्या सरकारी शाळांनाच कुलूप ठोकले! गोऱ्या पोरांसाठी लगेच खासगी शाळा निघाली. आमच्या पोरांनी काय करायचे, हे कोणी विचारलेही नाही.

नऊ वर्षांच्या व्हर्लीनला फिलाडेल्फियाला माझ्या बहिणीकडे धाडले. बसपाशी ती म्हणाली, "आई, जिंकलो ना आपण? मग मीच का जायचं?"

"गप बस, वेणी विस्कटेल," मी म्हणाले. तिची रिबीन पुन्हा घट्ट बांधली.

त्याच न्यायालयाच्या दुसऱ्या हुकमाने कुलूप निघाले तेव्हा ती चौदाची होती. बहिणीला आई म्हणत होती आणि मला, पाहुणीला म्हणावे तसे, "तुम्ही".

२. दीर होरेस यांस काही नाही. धमक्या आल्या तेव्हा त्यांनी दाव्यातून नाव काढून घेतले, त्याचा राग नाही. भीती मलाही वाटत होती. पण हल्ली चर्चमध्ये "आम्ही लढलो" म्हणून सांगत सुटतात. मी तोंडावर विचारले, "भाऊजी, कुठं लढलात?"

"मनातून, वहिनी."

माझ्या इस्टेटीतले हवे ते त्यांनीही मनातूनच घ्यावे.

३. शिवणयंत्र ड्रूसिला मेबरीबाईंना. कुलपाच्या काळात त्यांनी चर्चच्या तळघरात चाळीसेक पोरांना वाचायला शिकवले.

४. मागची जमीन त्या खासगी शाळेला खेळाच्या मैदानासाठी हवी आहे. त्यांचे गृहस्थ "झालं गेलं विसरा, बाई" म्हणत आले होते. त्यांना इंचभरही विकू नये.

५. अंत्यविधीत पाद्रीबाबांनी मला सोशिक म्हणू नये. मी आयुष्यभर वैतागलेली होते.

६. व्हर्लीनने इथे येऊन राहावे, अशी अट मी दोनदा लिहिली, दोनदा खोडली. एवढ्या मोठ्या न्यायालयाच्या हुकमाने माझी पोर घरी आली नाही. माझ्या कागदाने कुठली येते? दाराची किल्ली तिला द्यावी. एवढेच.

सही: ऑर्डेला टन्स्टॉल
आम्हां दोघांसमक्ष सही केली: एल्सवर्थ गुड, लुव्हेनिया स्क्रग्ज
हॉलोवे परगणा, ९ मार्च १९७६