टक् न वाजणारा पिस्टन

तीर्थस्वरूप साडूभाऊंच्या चरणी,
धाकट्या साडूचा नाइलाजास्तव साष्टांग नमस्कार.

तुमची कंबर, ताईंचे गुडघे आणि तुमचा स्वभाव यांपैकी पहिल्या दोन गोष्टींना उतार पडला असेल अशी आशा आहे. तिसरीची आशा आम्ही सोडली आहे. मागच्या आठवड्यात तुम्ही तीनदा फोन केलात आणि मी उचलला नाही, ही तक्रार ताईंकरवी पोचली. साडूभाऊ, फोन हा रिकामटेकड्यांचा उद्योग. ज्याला काही म्हणायचंय त्याने कागदावर म्हणावं, म्हणजे पुढे नाकबूल करता येत नाही. (हे तुम्हालाच उद्देशून आहे.)

मूळ मुद्दा गाडीचा. बारा वर्षांपूर्वी सासरेबुवांनी आपली ती दोन सीटची, उघड्या टपाची ब्रिटिश स्पोर्ट्स कार दोन जावयांत वाटली. एक गाडी दोघांत कशी वाटणार? त्यांनी वाटली. गाडी मला; आणि कार्ब्युरेटर, ते इंजिनाला जोडणारा मॅनिफोल्ड वगैरे भरलेली लाकडी पेटी तुम्हाला. "याला कान आहे, त्याला जपून ठेवायची सवय आहे," असं त्यांनी सगळ्यांदेखत सांगितलं. तुम्हाला आठवत असेल, ते हळूच एका कार्ब्युरेटरचा स्क्रू फिरवून ठेवायचे आणि मग मला बोलवायचे. मी नुसता बॉनेटशी वाकून, दोनांतला कुठला हवा कमी ओढतोय ते सांगायचो, आणि ते मान डोलवायचे. उभ्या आयुष्यात मला मिळालेली ती एकच शाबासकी. तुमची जपायची सवय मात्र अशी, की पेटी तुम्ही बारा वर्षं माझ्यापासूनच जपलीत. आता येत्या रविवारी सासरेबुवा शहाऐंशी पूर्ण करताहेत आणि त्या गाडीतून एक चक्कर मारायची म्हणून हटून बसलेत, तेव्हा कुठे पेटीचं दर्शन घडलं.

उघडली तर आत कार्ब्युरेटर दोन नाहीत, तीन! गाडीला लागतात दोन, सख्खे भाऊ असल्यासारखे शेजारी शेजारी. तिसरा कुणाचा कोण? खरं तर प्रत्येकाच्या झाकणावरच्या स्क्रूखाली नंबराची पितळी चकती असते, म्हणजे ओळख पटते. ती एकावरही नव्हती. (बारा वर्षं काय जपलंत, देव जाणे.) तिच्या जागी तुमच्या अक्षरातल्या चिठ्ठ्या होत्या. एकीवर 'पुढचा', दुसरीवर 'मागचा' आणि तिसरीवर 'बहुधा'. तुमच्या अक्षराबद्दल मी बोलणार नाही, पण 'बहुधा' वाचण्यात माझी एक अख्खी सकाळ गेली. शेवटी पट्टी घेऊन तिघांची तोंडं मोजली. 'पुढचा' म्हणून छातीठोकपणे लिहिलेला तोंडाने लहान निघाला, म्हणजे दुसऱ्याच कुठल्या तरी गाडीचा. तो आता माझ्या टेबलावर पेनं ठेवायला आहे.

उरलेले दोन उघडून धुतले. त्यांच्या आतला प्रत्येक पिस्टन आपापल्या टोपातच चालतो, अदलाबदल केली की अडकतो. हे मला माहीत असूनही तुम्ही पेटीत लाल शाईने तीनदा लिहून ठेवलंत. (मी काय कालचा आहे?) जोडणी नीट झाली की नाही याची परीक्षा सोपी असते. पिस्टन बोटाने उचलायचा आणि सोडायचा. खाली पडताना टक् वाजला पाहिजे. वाजला नाही. तुम्हीच कधीतरी अदलाबदल केली असणार म्हणून मी उलट लावले, तर दोन्ही अडकले. पुन्हा होते तसे लावले. सुरळीत पडायचे, पण टक् म्हणून नाही! चोळले, पुसले, हळूच सोडले, दाणकन सोडले. चार दिवस हेच. चौथ्या दिवशी तुमची मेहुणी दारात येऊन म्हणाली, "अहो, पुरे करा आता ती टकटक! डोकं उठलं माझं." तिला यंत्रातलं काय कळतं, म्हणून मी तिकडे लक्ष दिलं नाही.

शेवटी कंटाळून तसेच बसवले आणि इंजिन चालू केलं. मग रबरी नळीचं एक टोक कानात आणि दुसरं आळीपाळीने दोन्ही कार्ब्युरेटरांच्या तोंडाशी. हवा ओढल्याचा आवाज दोन्हीकडे सारखा यावा लागतो. काय सांगू, पहिल्याच फटक्यात सारखा! स्क्रूला हातसुद्धा लावावा लागला नाही. इतके शांत कार्ब्युरेटर मी जन्मात पाहिले नव्हते. तेवढ्यात शेजारचे निवृत्त मास्तर कुंपणापाशी येऊन, शीळ कोण घालतंय म्हणून विचारू लागले. समोरच्या बाईंनी खिडकी लावून घेतली. घरातूनच, गाडी लंगडतेय, असा शेरा आला. माणसांना दुसऱ्याचं चांगलं झालेलं बघवत नाही, हेच खरं. शीळ असलीच, तर ती मॅनिफोल्डखालच्या सांध्यात लावायला तुम्ही दिलेल्या गॅस्केटची असणार.

तेव्हा रविवारी तुम्ही आला नाहीत तरी इथे काही अडणार नाही. ताईंना नमस्कार. शेवटी 'कळावे' लिहायची पद्धत आहे, पण तुम्हाला कळेलसं वाटत नाही.

आपला,
गाडीवाला साडू

ता. क. गॅस्केट मीच उलटं बसवलं होतं. भोकाला भोक जुळत नव्हतं. सरळ केलंय. याची कुठे वाच्यता नको.

आणखी ता. क. काल ती नळी सहज म्हणून तुमच्या मेहुणीच्या हातात दिली. ती म्हणाली, एक चांगला सूंसूं करतोय आणि दुसरा नुसता कण्हतोय. मी हसून मान हलवली. मग ती आत गेल्यावर नळी घड्याळाला लावली, वाहत्या नळाला लावली, डाव्या कानाने ऐकलं, उजव्या कानाने ऐकलं. साडूभाऊ, पिस्टन चारही दिवस वाजत होते. रविवारी सासरेबुवा स्क्रू फिरवून ठेवतील, बॉनेट उघडायला लावतील आणि सगळ्यांदेखत मला विचारतील. त्याची मला फार भीती वाटते. तुम्ही शनिवारीच या. नळी तुम्ही कानाला लावा, स्क्रू मी फिरवतो. पेटी जपलीत तसं हेही जपून ठेवा. आणि रविवारी माझ्या बरोबर समोर उभे राहा. पुढचा कमी ओढत असला तर चष्मा पुसा, मागचा असला तर नाक. पुढचं मी सांगेन.

शेवटचं. येताय की नाही ते कळवा, पण फोन करू नका. तुमचं अक्षर चालेल.