सरकवलेली चौकट

धाकट्या भावास थोरल्याचे अनेक आशीर्वाद.

आईचे गुडघे कसे आहेत? भावजयीचा खोकला थांबला का? तुझी पाठ? मी ठणठणीत आहे.

आपलं शेत गिळलेली कोळशाची खाण कंपनीनं बुजवून वर रोपं लावलीत. ठरल्या खुणेवर लाकडी चौकट टाकून आतली जगलेली रोपं मोजायची, हे माझं काम. यंदा खुणेवर सगळी वाळलेली निघाली. साहेब हसले, "काका, झाड चालत येत नाही, तुम्हीच चौकट हिरव्यावर न्या की!" नोकरीच्या भीतीनं मी नेली.

त्याच आकड्यांवर आता 'जमीन सुधारली' म्हणून शेत परत देणार आहेत. तू ताबा घेतल्याच्या कागदावर सही करू नकोस. वीतभर खणलं की कोळशाची भुकटी लागते.

आई परतायची आस धरून बसली असेल. तिला कसं सांगावं, मला सुचत नाही.

सही केली नाहीस ना, तेवढं लगेच कळव.

तुझा दादा