लबाड भिंत

गुरुजी, आपल्या निधनाची बातमी ऐकून मला दुःख झाले नव्हते. हे प्रथमच नमूद करतो, म्हणजे पुढील मजकुराविषयी आपला गैरसमज होणार नाही.

मी चौथीत असताना तपासणीस साहेब येणार, म्हणून आपण मला वर्गाची भिंत चुन्याने पांढरी करावयास सांगितलीत. मी चुन्यात थोडी नीळ कालवली, कोळसा घासला आणि देवळातील फरशीवर असतात तशा संगमरवराच्या रेघा काढल्या. साहेब आत येतात, कौतुकाने भिंतीवर टिचकी मारतात, मातीचा पोपडा पडतो आणि ते आपल्याकडे पाहून हसतात. ते गेल्यावर आपण भर वर्गात म्हणालात, "हा भिंतीलासुद्धा खोटं बोलायला शिकवतो!" माझ्याच हातांनी ती भिंत खरवडून घेतलीत आणि मला बाहेर उन्हात उभे केलेत. मुले मला 'लबाड भिंत' म्हणू लागली. त्या शाळेत मी पुन्हा पाऊल ठेवले नाही. माझे शिक्षण तेथेच संपले.

आता मी सिडनीत, क्वेकर्स हिल येथे मुलाकडे राहतो. नात युनिमध्ये, म्हणजे विद्यापीठात, प्राचीन रोमचा इतिहास शिकते. गेल्या महिन्यात तिने मला तेथील घरांच्या भिंती लॅपटॉपवर दाखवल्या.

"आजोबा, हा मार्बल नाहीये. प्लास्टर आणि पेंट. टोटली फेक!"

"मग मालकाने रंगाऱ्याला हाकलले असेल."

"कशाला? श्रीमंतांची फॅशन होती ती! त्याचा कंटाळा आल्यावर खोटे खांब, खोटी दारं, दारातून दिसणारी बाग. मग नाजूक नक्षी. आणि शेवटी सगळ्याची मिसळ. लिटरली मिसळ, आजोबा!"

गुरुजी, त्या खोट्या भिंती पाहण्यास आज जगभरातून लोक तिकीट काढून जातात. आपली शाळा पाहण्यास कोण जाते?

मी मुलाच्या गॅरेजच्या भिंतीवर त्याच रीतीने एक उघडे दार रंगवले आहे. दाराबाहेर ऊन आहे आणि उन्हात आपण आहात: धोतर, काळी टोपी, बगलेत मिटलेली छत्री. ती मी हेतुपुरस्सर मिटलेली ठेवली. मुलगा गाडी आत घेतो तेव्हा दिव्यांचा झोत थेट आपल्या अंगावर पडतो. मला त्याचे समाधान वाटते.

काल नातीने विचारले, "आजोबा, ह्यांचा फेस कुठाय?"

"त्यांची तेवढी योग्यता नाही," मी म्हणालो. तिला ते पटले.

हे पत्र कोठेही जावयाचे नाही, म्हणून लिहितो. आपला चेहरा मला आठवत नाही.