फोनने विचारलं, बाबांनी उत्तर दिलं

ती. सीताआत्येस,

जयगडहून अमरदीपचा जय भीम. तुझे गुडघे कसे आहेत? (कागदावरचं पत्र बघून कोणी गेलं असं समजू नकोस. सगळे जिवंत आहेत. रविवारपर्यंत तरी.) मुंबईच्या गाडीचा ड्रायव्हर ओळखीचा आहे, त्याच्याकडे देतोय, उद्या मिळेल.

फोनवर काही लिहायची भीती वाटते, कारण माझा फोन बाबांना सगळं दाखवतो. आपल्या घरात ईमेल एकच, बाबांचं, पेन्शनच्या वेळी काढलेलं. नवा फोन घेताना दुकानदाराने ईमेल विचारलं, मी तेच दिलं. (आडनाव विचारलं तर बापाचंच देतो ना आपण?) तेव्हापासून मी इथे काढलेला प्रत्येक फोटो मालगुंडला बाबांच्या फोनात जाऊन पडतो. हे मला सात महिन्यांनी, म्हणजे काल कळलं.

नुसते पडले असते तर चाललं असतं. पण फोन त्यातले चेहरे वेगळे काढतो, कोण कोणाबरोबर किती वेळा दिसतं ते मोजतो आणि विचारतो, हा कोण? पस्तीस वर्षं मास्तरकी केलेल्या माणसाला प्रश्न कोरा सोडवत नाही. बाबा रोज सकाळी चष्मा लावून हजेरी भरल्यासारखी नावं भरतात. (रामाकाकांच्या बोकडाला फोनने माणूस धरलं, तर बाबांनी तिथे रामाकाकांचंच नाव घातलं. रामाकाका अजून बोलत नाहीत.)

दोन चेहरे अडले. एक बाई, माझ्याबरोबर एकशे बेचाळीस फोटोंत. एक तीन वर्षांची पोर, बहुतेक वेळा माझ्या खांद्यावर. बाई म्हणजे तेजल, बंदराच्या गेटासमोर खानावळ चालवते, नवरा दोन वर्षांपूर्वी वारला. पोर तिची, संस्कृती. एवढंच. पण काल फोनने दोन फोटो शेजारी ठेवून बाबांना विचारलं, ही एकच व्यक्ती की वेगळी? एकात संस्कृती. दुसऱ्यात, बाबांनी जुन्या अल्बममधून फोनात घेतलेल्या, मी, अडीच वर्षांचा, फ्रॉक घालून, दोन शेंड्या बांधून. (आईला मुलगी हवी होती, यात माझा काय दोष? आणि तो फ्रॉक तूच शिवलेलास.) बाबा म्हणे अर्धा तास बघत बसले. मग म्हणाले, “फोनला कळलं, आपल्याला नाय कळलं. पोरगी आपली आहे.”

लगेच आईचा फोन. “मेल्या, लगीन केलंस नि सांगितलं नाहीस?” मी म्हटलं, तसं काही नाही गो. तर म्हणते, “मग काय बंदरावर पोरं सांभाळायची नोकरी करतोस?” मी फोनच ठेवून दिला. कारण नेमकं तेच करतो.

आत्ये, बंदरावरची नोकरी मी नवव्या दिवशी सोडली. सोडली असंही नाही. दुपारी जेवायला खानावळीत गेलो, गर्दी होती, तेजल एकटी, पोर रडत होती. पोर उचलली, मग बांगडे साफ करायला बसलो, तो अजून उठलो नाही. आता पोर माझी नाही म्हणावं, तर ती रोज माझ्या खांद्यावर काय करते ते सांगावं लागेल. नोकरीचं खोटं टिकवावं, तर बाप व्हावं लागेल. रविवारी बाबा बौद्धजन गावशाखेच्या अध्यक्षांना घेऊन लग्नाचं ठरवायला इथे येतायत. कालपासून दोनदा बोट कापलं. ट्रकचा हॉर्न वाजला तरी मला बाबा आल्यासारखे वाटतात. फोन पालथा घालून पिठाच्या डब्यात ठेवलाय.

बाबा तुझं ऐकतात. त्यांना एवढंच सांग, पोर अमरची नाही.

तुझा (अजून तरी) लाडका,
अमर

ता. क. – पिठातून फोन वाजला. आईच होती. बाबा रागावलेले नाहीत. रत्नागिरीला जाऊन संस्कृतीसाठी पाटी घेऊन आलेत, आणि सकाळपासून पाटीवर तिचं नाव घालतायत, पुसतायत, पुन्हा घालतायत. तेव्हा त्यांना काही सांगू नकोस. मला नाही सांगवणार.

ता. क. २ – तेजलला सगळं सांगून टाकलं. ती भाकरी थापत होती, हात थांबला नाही. म्हणाली, “येऊ देत. जेवून जातील. पण एवढे फोटो काढलेस, एकदा तोंडाने विचारायला काय झालं होतं?” आत्ये, बाबांची भीती कधीच गेली, आता हिची वाटते. तू शनिवारीच ये आणि माझ्या वतीने तिला विचार. मी संस्कृतीला घेऊन मागच्या दारी उभा असेन. जरा मोठ्याने विचार, म्हणजे तिचं उत्तर मला ऐकू येईल.