ठोक्याला मिशा

तुझ्या बहिणीच्या हाताला तू मिशा लावल्यास. हे आधी लिहून टाकते, कारण मायना लिहायला घेतला की हात आपोआप गोड होतो, आणि आज मला गोड व्हायचं नाही. ड्रम वाजवले तिने, घाम गाळला तिने, आणि कॉम्प्युटरवर विकायला ठेवलेल्या त्या ठोक्यांच्या किटवर फोटो कुणाचा, तर गॅरेजमधल्या तुझ्या मिशाळ मित्राचा! काड्या अशा धरल्यात मेल्याने, जसा पाना धरलाय. खाली नाव घातलंस तेही कुठल्या तरी परक्या मुलखातलं. त्याच्या आईला ते वाचून दाखव, तिला वाटेल औषध आहे.

सोमवार, ता. ११

चि. नातवास,

आता आशीर्वाद. अनेक आशीर्वाद लिहायची रीत आहे, मी एकच पाठवते, तोही जपून वापर.

मी ठीक आहे. गुडघा कुरकुरतो, पण तो तुझ्यापेक्षा बरा, निदान रोज विचारपूस करतो. खालच्या शिंप्याने दुकान वाढवलं, त्यामुळे जिन्यात कापडाचे गठ्ठे असतात आणि मी रोज त्याच्याशी भांडते. तुझी बहीण बरी आहे. औषधाच्या दुकानात काउंटरला लागलीय. मालक चांगला आहे, हळू बोलतो.

हे पत्र मी स्वतः लिहितेय. चौथी नापास बाईचं अक्षर आहे, सावकाश वाच. धाकटीला, तुझ्या बहिणीला, सांगितलं असतं तर तिने माझ्या शिव्यांना साखर लावली असती. तिला हे पत्र ठाऊक नाही.

तुला मागची खोली आठवते का? माझी खोली. भिंतींना गाद्या टेकवल्या होत्यास आणि मी म्हातारी सतरंजीवर निजत होते. माझी उशी त्या मोठ्या ड्रमच्या पोटात कोंबलीस, घुमू नये म्हणून. पंखा बंद. फ्रिज बंद, कारण तो गुणगुणतो, दूध नासलं. आणि मग धाकटीने एक ठोका मारायचा आणि आपण सगळ्यांनी मुडद्यासारखं बसायचं, आवाज पार विरेपर्यंत. मग दुसरा, किंचित जोरात. मग तिसरा. मग तेच सगळं डाव्या हाताने. मग झांजा. माझ्याकडे एकच काम होतं, कॉम्प्युटरची ती लांब पट्टी दाबायची. दाबली की सुरू, दाबली की बंद.

मी विचारलं होतं, "एका ड्रमला एवढं कुटायचं कशाला रे?"

तू म्हणालास, "आजी, माणूस दोनदा सारखं मारत नाही. मशीनने एकच ठोका परत परत वाजवला तर ऐकणाऱ्याला लगेच कळतं. म्हणून प्रत्येक ठोक्याचे भाऊबंद लागतात. मी बटण हळू दाबलं की हळूचा वाजेल, जोरात दाबलं की जोराचा."

"मग हिचं काय काम उरलं?"

"अगं, हीच तर असेल त्यात."

खरं बोललास. हीच आहे त्यात. नुसती हीच बाहेर राहिली. ठोके तेवढे कापून घेतलेस, पेनड्राइव्ह खिशात टाकलास, तुझ्या आईला घेऊन नव्या जागेत राहायला गेलास. दर शनिवारी ती तुमच्याबरोबर हॉलवर कार्यक्रमात वाजवायची. तू गेल्यावर पहिल्याच शनिवारी तिला तुझा फोन आला, "हॉलवर जागा कमी आहे, या वेळी येऊ नकोस." पुढच्या शनिवारी, "मालक म्हणतो, दोघंच पुरे." त्याच्या पुढे फोनच नाही. तू बोटांनी बटणं दाबतोस आणि लोकांना वाटतं पडद्यामागे कुणीतरी ड्रम बडवतंय. मुलगी घरात आणि तिचे हात हॉलमध्ये. असलं कुणी मेलेल्याशीसुद्धा करत नाही.

आता ऐक, गेल्या आठवड्यात काय झालं.

दुपारी दार वाजलं. चष्मेवाली एक बाई, जाहिरातींना संगीत देते म्हणाली. तुझं ते किट तिने विकत घेतलं होतं, आणि त्यावर रेकॉर्डिंगचा पत्ता म्हणून तू आपल्याच घराचा पत्ता घातलास. शहाण्या! फोटो बदललास, नाव बदललंस, पत्ता तेवढा बदलायला विसरलास.

"ड्रमवादक घरी आहेत का?"

"आहे. पण आत्ता दुकानात खोकल्याची बाटली विकत असेल."

ती गोंधळली. तिने कॉम्प्युटर उघडून फोटो दाखवला. तो फोटो मी पहिल्यांदा तेव्हा पाहिला. म्हटलं, "हा? ह्याने माझ्या दिराची गाडी दुरुस्त केली होती. ब्रेक अजून लागत नाहीत."

तिला आणखी ठोके हवे होते, हळुवार, त्या तारांच्या झाडणीसारख्या काड्यांचे. म्हणाली, "एवढ्या हलक्या हाताचा माणूस मला कुठे मिळाला नाही." मी तिला चहा दिला आणि बसवून ठेवलं. खाष्ट आहे मी, पण वेडी नाही.

धाकटी आली. बाईने विचारलं. आणि तुझ्या बहिणीने काय सांगितलं माहितेय? सरळ त्या बाईच्या डोळ्यांत बघून म्हणाली, "वाजवणारे बाहेरगावी असतात. माझा भाऊ सगळं बघतो, त्याच्याशी बोला."

तिला तो फोटो आधीपासून माहीत होता. कधीपासून, ते मी विचारलं नाही.

वर मी लिहिलं की ती बरी आहे. ते खोटं आहे. दुकानातून येते, हातपाय धुते, मागच्या खोलीत तुझ्या जुन्या कॉम्प्युटरपुढे बसते, कानांना ते मोठे हेडफोन लावून. मला वाटायचं गाणी ऐकते. त्या संध्याकाळी ती बाई जायला उठली, धाकटी तिला पोचवायला दारापर्यंत गेली, तेव्हा मी आत गेले. कॉम्प्युटर चालूच होता. हेडफोनची वायर उपटली आणि लांब पट्टी दाबली. तेवढंच मला येतं.

ठप्. मग शांतता. मग तुझा आवाज, "आता जरा जोरात." ठप्. "आजी, श्वाससुद्धा घेऊ नकोस." मग मी, "मेले तर कुणाला सांगशील, की पुढचा ठोका घेशील?" आणि धाकटी हसली. खो खो हसली, काड्या खाली पडल्या, तू ओरडतोयस, "वाया घालवलास ठोका!" आणि मग तू, स्वच्छ, "धाकटे, हे तुझ्याच नावाने काढायचं. फोटो तुझाच. असे दात दिसले पाहिजेत."

ठोके तू कापून नेलेस. मधलं बोलणं तुला कचरा वाटलं, ते इथेच टाकून गेलास. ती रोज संध्याकाळी ठोके ऐकत नव्हती, तो कचरा ऐकत होती. ते हसणं आता त्या मशीनमध्येच आहे. घरात नाही.

चष्मेवाली दारातून परत आली. धाकटी स्वयंपाकघरात गेली आणि घासलेली भांडी पुन्हा घासू लागली.

बाई चांगली आहे. तिने त्या बोलण्याची एक प्रत नेली. मीच दिली, म्हणजे पट्टीकडे बोट दाखवलं. ती म्हणाली, हिच्या नावाने, हिच्या फोटोने नवीन किट काढू, आधीच्याहून चांगलं. मी म्हटलं, उद्या या. आणि ज्यांनी ज्यांनी तुझं किट घेतलंय त्यांना हे ऐकवा म्हटलं. ती तयार होती. हॉलच्या मालकाला फोन मी स्वतः लावला. तो म्हणाला, "आजी, मला काय, वाजल्याशी मतलब." त्याला मी जे बोलले ते इथे लिहीत नाही, कागद स्वच्छ आहे.

पण तुझं नशीब बघ. तुला वाचवायला कोण उभं राहिलं? धाकटी म्हणते, "दादाने सांगितल्याशिवाय मी काड्या हातात घेणार नाही. ते कापलं त्याने, बसवलं त्याने."

"म्हणजे आता चोराची परवानगी काढायची?"

"चोर म्हणायचं नाही, आजी."

दोन दिवस मी तिच्याशी बोलले नाही. ती एरवीही बोलत नाही, त्यामुळे तिला कळलं नसेल.

आणि काल तुझ्या आईचा फोन. "आई, येत्या रविवारी तो येतोय. थोडे हळुवार ठोके रेकॉर्ड करायचेत, गिऱ्हाइकं मागतायत. धाकटीला सुट्टी काढायला सांगा." सून माझी साधी आहे, तिला कळत नाही कशाचा निरोप सांगतेय. तुला कळत होतं, म्हणून तू स्वतः फोन केला नाहीस. आणि धाकटी? सुट्टी मागून आली! त्या मिशांसाठी पुन्हा वाजवायला बसणार होती, नाव न काढता.

म्हणून मी काय केलं ते वाच. खोलीला कुलूप घातलं, किल्ली माझ्या कमरेला. त्याआधी सगळ्या ड्रमचे पडदे सैल करून ठेवले. ठोकलं तर भिजल्या पुठ्ठ्यासारखं वाजतं, मी वाजवून पाहिलं, फार बरं वाटलं. ते पुन्हा सुरात आणायला फक्त तिला येतं. आणि चष्मेवालीला सांगितलंय, रविवारपर्यंत थांब. रविवारी संध्याकाळी मी हो म्हटलं की तुझा तो गोड आवाज, दात दिसले पाहिजेतवाला, तुझ्या प्रत्येक गिऱ्हाइकाकडे जाईल. हॉलमध्येही वाजेल, मालकाची बायको माझ्या बाजूची निघाली. मला दया येईल असं समजू नकोस. तुझ्या आजोबांनाही तसंच वाटायचं.

हे थांबवायचं असेल तर तो मिशांचा फोटो काढून टाक. तिचा लाव. नाव तिचं, पूर्ण, बापाच्या नावासकट. आणि तिला पत्र लिही की काड्या उचल, माझी परवानगी लागत नाही, कधीच लागत नव्हती. माफी माग. त्या माफीत 'पण' हा शब्द दिसला तर मी पाकीट तसंच उलट टपाली पाठवीन. तिला रविवारी कुणासाठी वाजवायचं ते तिचं ती ठरवेल. तुझ्यासाठी ठरवलंन, तर कुलूप मी काढीन आणि दाताखाली जीभ धरून बसेन. पण तोंड उघडून तिने ठरवायला हवं. मला ते ऐकायचंय.

तुझी, अजून तरी,
आजी

मला उत्तर लिहायचं नाही. आईकडून निरोप नको, मित्राकडून नको, फोनवर अंगठा नको. उत्तर तू तुझ्या हाताने लिहायचंस, आणि तिला.