कोजागरीचं व्हॉलीबॉल

२० ऑक्टोबर २०२०, मंगळवार

पुन्हा नाही! तिसऱ्यांदा! मयूराला ऑस्ट्रेलियात यायची परवानगी नाकारली. कारण — नातं खरं आणि चालू असल्याचा पुरेसा पुरावा नाही.

चौदा मार्चला देवगडला लग्न झालं. एकोणीसला मी एकटाच सिडनीला परत आलो आणि लगेच सीमा बंद. लग्नाची नोंद राहिलीच. आता तिकडचं ऑफिस उघडलंय, पण सही करायला नवरा समक्ष हवा म्हणतात. सात महिन्यांचं लग्न, पाच दिवसांचा संसार!

पुरावा म्हणून व्हॉट्सॲपची दोनशे चौदा पानं जोडली होती. आज पहिल्यांदा नीट वाचली. 'जेवलात का?' 'हो. तू?' 'हो.' दोनशे चौदा पानं हेच! मी तिथे साहेब असतो तर मीही नाकारलं असतं.

खरं म्हणजे तिला यायचंय का, हेच मला माहीत नाही. विचारायची हिंमत होत नाही. ती अहो-जाहो करते, मी बँकेत बोलावं तसा बोलतो, मग दोघंही फोन ठेवतो.

२४ ऑक्टोबर, शनिवार

पद्माकरकाकांचा फोन. काका म्हणजे सिडनीतल्या आमच्या टूनगॅबी उपनगराच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष. निवृत्त इंजिनियर, त्यामुळे सगळ्यातलं सगळं कळतं. कॅफे बंद होऊन कामं गेलेल्या आपल्या विद्यार्थ्यांना किराणा द्यायचाय, त्यासाठी मंडळ बीच व्हॉलीबॉल ठेवतंय. "कोजागरी शुक्रवारी आहे, पण सुट्टी शनिवारी. पौर्णिमा त्या दिवशीही आहे, उत्तम! मी पंचांग बघितलंय. वर मसाला दूध!"

मी कॅप्टन! कारण एकदा बोलून गेलो होतो की मिरजेला शाळेत खेळायचो. खेळायचो म्हणजे — बॉल कालव्यात गेला की काठीने काढून द्यायचो. पोहता कुठे येतंय मला!

मयूराला सांगितलं. म्हणाली, "अहो, पण तुम्हाला पोहता येत नाही ना?"

म्हटलं, व्हॉलीबॉल आहे, वाळूत खेळतात.

"बरं. जेवलात का?"

२९ ऑक्टोबर, गुरुवार

सराव. माझ्या सर्व्हिसने भास्करचा चष्मा फुटला — भास्कर माझा रूममेट, आणि माझ्याच टीममध्ये आहे.

३१ ऑक्टोबर, शनिवार

आज काय झालं ते नीट लिहून ठेवलं पाहिजे. उद्या माझाच विश्वास बसणार नाही.

दुपारी दोनला बॉटनी बेच्या किनाऱ्यावर पोचलो. काका आधीच हजर, टेप घेऊन. पाण्याजवळ ही भलीमोठी सपाट, घट्ट, ओली वाळू. आणि तिथे एकही माणूस नाही! बाकी सगळे गोरे वर, गवतापाशी गर्दी करून बसलेले. काका म्हणाले, "बघ विनय, इतकी फर्स्टक्लास जागा आणि या लोकांना कदर नाही!" नेट तिथेच ठोकलं.

कोविडच्या नियमाप्रमाणे माणसं तीसच. उरलेलं मंडळ झूमवर, आणि हौसेने काकांनी भारतातल्या नातेवाइकांनाही लिंक पाठवलेली. लॅपटॉप एस्कीवर, म्हणजे बर्फाच्या पेटीवर, आणि त्याला गणपतीतला मोठा स्पीकर जोडलेला. मयूरा दिसली — मागे सासूबाई, सासरे, दोन शेजारी, एक मांजर. तिने हात जोडून नमस्कार केला. मीही केला. बायकोला!

मग दीपप्रज्वलन. वाऱ्यात सोळा काड्या विझल्या, शेवटी मोबाइलचा टॉर्च लावून टाळ्या वाजवल्या. मग काकांचं प्रास्ताविक — पन्नास मिनिटं. तेवढ्यात कुत्रा फिरवणारा एक म्हातारा थांबला. "Tide's coming in, mate."

"नो वरीज, नो वरीज!" म्हणत काकांनी त्याला भाषणाची प्रत दिली.

फायनल सुरू व्हायला पाच वाजले. आम्ही कसे पोचलो विचारू नये — एक टीम आलीच नाही, दुसरीचा कॅप्टन दूध पिऊन झोपला. आठ-आठ पॉइंट झाले तेव्हा घोट्यापर्यंत पाणी. मंडळातली स्पृहा अंपायर, तीही काम गेलेली विद्यार्थिनी. बिचारीला स्वतःलाच त्या किराण्याची गरज, म्हणून कामात कसूर नाही. ती ओरडली, "काका, लाइन दिसत नाहीये!"

"अंदाजाने द्या!" काका खुर्चीवर उभे. बारा-अकराला पाणी गुडघ्यापर्यंत. कुणीही थांबेना! दोन्ही टीमना वाटत होतं, दुसऱ्यांनी आधी म्हणावं.

आणि स्पीकर कडाडला.

"अरे खुळ्या! आज पुनव ना! उधाण येतला! भायर सर आधी!"

सगळ्या माना लॅपटॉपकडे. ही मयूरा! सात महिन्यांत जिचा आवाज मी 'बरं'च्या वर ऐकला नव्हता ती!

"तुका पवाक येता काय? नाय ना? मग खंय उभो आसस! ह्या सगळ्या शिकलेल्यांनी पंचांग बघल्यानी, भरती बघूक कोणाक सुचला नाय? हसतंस काय! तुका काय झाला तर मी हय काय करू रे? सात महिने वाट बघतंय मी! — आणि तो टोप बघ, टोप!"

वळून बघितलं तर मसाला दुधाचं पातेलं, झाकणासकट, संथपणे न्यूझीलंडला निघालेलं. मी धावलो. "टोपामागे जाव नको!" स्पीकर ओरडला. मी थांबलो. भास्कर गेला. त्याला चष्म्याविना काही दिसत नव्हतं, त्याने कुणाचीतरी छत्री वाचवून आणली.

नेट गेलं. दूध गेलं. विजेत्यांची शाल गेली. पण मंडळी इतकी हसली की किराण्यासाठीच्या देणगीचे डबे गच्च भरले. वरच्या गोऱ्यांनीही येऊन दिलं. आणि मयूरा? ती अजून बोलतच होती. एकूण अकरा मिनिटं.

१ नोव्हेंबर, रविवार

तिचाच फोन. "अहो, माफ करा. सगळ्यांसमोर ओरडले."

म्हटलं, "मला फार बरं वाटलं."

मग म्हणाली, "मी घाबरले होते." आणि रडली. मीही. मग दोन तास बोललो. तिच्या बाबांची होडी, माझं इथलं टायरचं दुकान, तिचं मांजर. जेवणाचा विषयच निघाला नाही! तिला यायचंय. विचारलं मी. "आता हे पण स्पीकरवर सांगू?" म्हणाली.

३ नोव्हेंबर, मंगळवार

भास्करची आयडिया. काकांनी झूम रेकॉर्ड केलं होतं (भाषणासाठी!). त्यातली ती अकरा मिनिटं चौथ्या अर्जाला जोडायची. भास्कर म्हणतो, "परक्या माणसाला कुणी इतकं बोलतं का बे?" स्पृहाने बसून सगळ्याचं इंग्रजी केलं. 'खुळ्या'ला तिने 'माय डियर' लिहिलं होतं. मी बदलायला लावलं. पुरावा खरा पाहिजे.

२७ नोव्हेंबर, शुक्रवार

मंजूर!!! मंजूर मंजूर मंजूर!

१९ डिसेंबर, शनिवार

आली. पण चौदा दिवस हॉटेलात क्वारंटीन, भेटायची परवानगी नाही. संध्याकाळी हॉटेलसमोरच्या फुटपाथवर जाऊन उभा राहिलो. सवयीने मेसेज टाकला — जेवलीस का?

उत्तर आलं, "वर बघ, खुळ्या."