गालाच्या पेशींची मोजणी

बाई, एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहून गेली, आणि ती तुम्ही असतानाच सांगायची होती. मी तुमच्या हाताखाली शिकत होते, त्या वर्षी पाऊस झालाच नव्हता. कॉलेजच्या नळाला पाणी नसायचं, म्हणून स्लाइडच्या काचा धुवायला तुम्ही गारखेड्यातल्या घरून कॅन भरून स्कूटीवर आणायचात. तुमच्याकडे तरी कुठं रोज पाणी यायचं? तरी माझ्या हातून अर्धा कॅन सांडला तेव्हा तुम्ही रागावला नाहीत. रागावलात ते नावाच्या चिठ्ठीवरून. "स्लाइडवरची चिठ्ठी आधी झाक. कुणाची ते कळलं की डोळा लबाडी करतो."

तुमच्या गल्लीत शिवणक्लास घेणाऱ्या मावशींच्या गच्चीवर मोबाइलचा टॉवर उभा राहिला होता. त्याच्या लहरींनी माणसाच्या पेशी बिघडतात का, हे बघायचं आपण ठरवलं. तुमच्या गल्लीतल्या आणि लांबच्या एका गल्लीतल्या लोकांच्या गालांच्या आतून आइस्क्रीमच्या काडीनं पेशी खरवडून घ्यायच्या, आणि केंद्रकाचे तुकडे पडलेल्या किती ते मोजायचं. सगळ्यात आधी मावशींनीच आ केला. "घे, माझ्यापासून सुरू कर."

बाई, मी चिठ्ठ्या झाकल्या नाहीत. ती दुपार अजून समोर आहे: प्रयोगशाळेत एकटीच बसले आहे, डोळा सूक्ष्मदर्शकाला लावलेला. टॉवरजवळची स्लाइड असली की रंगाचा ठिपकासुद्धा मला तुकडा दिसतो. लांबच्या गल्लीतली असली की तुकडाही रंगाचा डाग वाटतो. टॉवर वाईटच, असं तुम्ही मनाशी धरलं होतं, आणि मला तुमची शाबासकी हवी होती. ती मिळालीही. गल्लीच्या बैठकीत तुम्ही माझा तक्ता सगळ्यांना दाखवलात.

गल्लीनं टॉवर काढायला लावला, पण मावशींच्या क्लासला मुली परत आल्या नाहीत. त्या घरात पाऊल टाकायलाच आया घाबरायला लागल्या. एक दिवस मावशी कॉलेजात आल्या. तुम्ही तासावर होतात. "मी काय गल्लीच्या पान्यात इख कालवलं का गं?" त्या म्हणाल्या. "लोक हो म्हनले म्हनून मी जागा दिली. पेशीबिशीचं मला काय म्हाईत?" मी त्यांना बसासुद्धा म्हटलं नाही. बाई तासावर आहेत, एवढंच सांगितलं. दिवाळीनंतर त्या शेंद्र्याला भावाकडं राहायला गेल्या.

त्या गेल्यावर मी सगळ्या स्लाइड पुन्हा काढल्या. या वेळी चिठ्ठ्या झाकून मोजल्या. दोन गल्ल्यांत फरक उरला नाही. टॉवरनं माणसाला काहीच होत नाही, असं मी म्हणत नाही. तेवढ्याशा स्लाइडवरून ते कळणारही नव्हतं. पण जे दिसलं म्हणून मी लिहून दिलं, ते दिसलं नव्हतं. पुढं तुम्ही दवाखान्यात होतात. सांगायचं ठरवूनच मी आले होते. तुम्ही माझा हात धरून म्हणालात, "तुझी मोजणी होती, म्हणून चारचौघांत बोलायचं बळ आलं." मी मोसंबी सोलत राहिले. आठवड्यानं तुम्ही गेलात.

मावशी अजून आहेत. शेंद्र्यातलं त्यांचं घर मला ठाऊक आहे, एकदा त्या रस्त्यानं जाऊनही आले. हे खरं तर त्यांना लिहायला हवं होतं. पण त्या वाचतील आणि उलट विचारतील. तुम्ही विचारणार नाही, म्हणून तुम्हाला लिहिलं.